रिंगरोडपुरतं सॉफ्टवेअर

9 जानेवारी 2024, मंगळवार

टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची 4.0 आवृत्ती आज सुरतेतल्या उधन्याच्या ऑफिसात चढवून पाहिली. बिल आता टॅलीतूनच थेट व्हॉट्सअॅपवर जातं. गेलं वर्षभर रिंगरोडच्या कापडबाजारातल्या गिऱ्हाइकांची सगळ्यात मोठी मागणी हीच होती. भेटेल तो शेठ म्हणायचा, "बेन, बिल सरळ व्हॉट्सअॅपवर गेलं पाहिजे." आम्ही टॅलीला जोडायच्या सोयी बनवून विकतो; तेच आपलं मुख्य उत्पादन करू, असा धाकट्या भावाचा आग्रह होता. मी हो म्हटलं नाही, कारण ती मागणी एकट्या सुरतेची नव्हती. इचलकरंजीत, लुधियानात, कोइमतूरमध्येही व्यापारी तेच मागत असणार. जे सगळ्या देशाला लागतं ते मूळ कंपनी आज ना उद्या देणारच. तिने द्यावंच. व्यापाऱ्याने त्यासाठी आम्हाला वेगळे पैसे का मोजावेत?

भाऊ म्हणाला, "ताई, मग आपल्या वाट्याला राहिलं काय?"

प्रश्न रास्त आहे. गुंतवणूकदार नाही, बँकेचं कर्ज नाही. गिऱ्हाइकाने आगाऊ दिलेल्या पैशावर पुढचा महिना निघतो. अशा धंद्यात काय बनवायचं यापेक्षा काय बनवायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं.

23 जानेवारी, मंगळवार

सकाळी एका साडीवाल्या शेठच्या गाळ्यावर बसले. मला एक लॉट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागदावर बघायचा होता. त्यांचा हिशेब लिहिणाऱ्या मेहताजींनी चलान काढलं. ग्रे म्हणजे कोरं कापड, 12 ताके, 1,200 मीटर, पांडेसऱ्याच्या मिलला प्रिंटिंगसाठी. फिनिश माल तुकड्यातुकड्याने आला; बेरीज 1,068 मीटर. म्हणजे 132 मीटर शॉर्टेज, 11 टक्के. ठरलेली होती 9 टक्के. वरचे 24 मीटर मिलच्या जॉब बिलातून कापायचे की नाही, यावर दिवाळीपासून वाद चालू. आलेला मालही सगळा फ्रेश नाही. सेकंड वेगळा, फेंट म्हणजे तुकडे वेगळे, आणि प्रत्येकाचा भाव निराळा.

हा सगळा हिशेब मेहताजींच्या लांब वहीत पेन्सिलीने लिहिलेला. टॅलीत फक्त मिलचं बिल.

टॅलीत जॉब वर्कची सोय आहे. माल बाहेर गेला, परत आला, याची नोंद तिथे व्यवस्थित होते. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉब वर्कला गेलेला माल वर्षभरात परत आला पाहिजे आणि आयटीसी-04 हे विवरण भरलं पाहिजे. हे नियम देशभराचे. पण ताक्याचा नंबर, मिलचा लॉट, ठरलेली शॉर्टेज आणि झालेली शॉर्टेज यांचा मेळ घालणं हा इथल्या बाजाराचा रिवाज आहे. टॅलीच्या बंगळूरच्या कंपनीने तो कशाला सांभाळत बसावं? तो आम्ही सांभाळायचा.

संध्याकाळी वडिलांना आकडे दाखवले. पांडेसऱ्यातच एका मिलमध्ये त्यांची सारी उमर फोल्डिंग खात्यात गेली. ऐकून म्हणाले, "क्रेप असंल. त्याच्या सुताला पीळ जास्त, धुतलं की आवळतं. साध्या कापडाचा दर त्याला लावून कसं चालंल?" म्हणजे ठरलेली शॉर्टेज पार्टीवार ठेवून भागणार नाही, कापडाच्या जातीप्रमाणे ठेवावी लागेल. हा रकाना आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता.

5 फेब्रुवारी, सोमवार

नवीन लागलेल्या मुलाला आज टॅलीची जन्मकथा सांगितली. श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना आणि कारखान्यांना यंत्रांचे सुटे भाग व इतर माल पुरवायचे. हिशेबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोएंकांना, ते लिहायला लावलं. साल 1986. ते पहिलं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या डॉसवर चालायचं. आज देशभरातले छोटे-मोठे व्यापारी ज्याच्यावर हिशेब ठेवतात ते सॉफ्टवेअरही दुसऱ्याच्या पायावर उभं राहिलं, आणि तेही एका धंद्याची नड नीट कळली म्हणून. हे त्याला कळावं असं मला मनापासून वाटत होतं. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर काम करतो म्हणजे कमी दर्जाचं काम करतो, ही भावना या मुलांच्या डोक्यातून जायला हवी.

मग कामाचं शिकवलं. टॅलीची स्वतःची भाषा आहे, टीडीएल. तिच्यात लिहिलेली फाइल टॅलीला जोडली की पडद्यावर आपला रकाना दिसतो, आपला अहवाल निघतो. टॅलीचा मूळ कोड आपल्या हाती येत नाही, येण्याची गरजही नाही. नव्या रकान्याला क्रमांक द्यावा लागतो. दुसऱ्या कुणाच्या फाइलने तोच क्रमांक वापरला असेल तर एकाच जागेवर दोघांची माहिती पडते आणि घोळ होतो. म्हणून गिऱ्हाइकाकडे गेल्यावर आधीच्या कोणत्या फाइली जोडलेल्या आहेत ते बघायचं, बॅकअप घ्यायचा, आणि मगच आपली फाइल जोडायची. नवी आवृत्ती आली की आधी आपल्या मशीनवर सगळे अहवाल तपासायचे, मग गिऱ्हाइकाला "चढवा" म्हणायचं. तोवर त्याला थांबवायचं.

19 फेब्रुवारी, सोमवार

शिवजयंती. लिंबायतमध्ये मिरवणूक, डिंडोलीत ढोल. अर्धा खानदेश इथे राहतो, त्यामुळे आज उधन्यापासून पुढे घरच्यासारखं वाटतं.

भावाने नवा बेत मांडला. सगळ्या गिऱ्हाइकांचा डेटा आपल्या सर्व्हरवर आणायचा, महिन्याचं भाडं लावायचं. "एकदा डेटा आपल्याकडे आला की गिऱ्हाईक कुठे जातंय?"

मला हे पटत नाही. टॅलीचा डेटा व्यापाऱ्याच्या स्वतःच्या मशीनवर राहतो. रिंगरोडने टॅलीवर विश्वास टाकला त्यात याचा वाटा मोठा आहे. तो विश्वास उसना घेऊन आम्ही त्याच्याच जिवावर कुलूप लावायचं, हे बरोबर नाही. आजोबा अमळनेरकडे बटाईने शेत करायचे. रान दुसऱ्याचं, बियाणं आणि कष्ट आपले. टॅलीवर आमचंही तसंच. बटाईदाराला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, एक जमिनीचा कस आणि दुसरी मालकाची मर्जी. त्यातली दुसरी आपल्या हातात नसते, हे मीही विसरत नाही.

जगात याची उदाहरणं आहेत. झिंगा कंपनीचे खेळ फेसबुकवर फोफावले. 2011 साली शेअर बाजारात उतरली तेव्हा तिचं बहुतेक उत्पन्न फेसबुकच्याच वाटेने येत होतं. फेसबुकने नियम बदलले की तिचा हिशेब बदलायचा. रेडिट वाचण्यासाठीचं अपोलो नावाचं अॅप लोकांना फार आवडायचं. रेडिटने 2023 मध्ये आपल्या माहितीच्या वापराला नवे दर लावले. ते वर्षाला सुमारे 2 कोटी डॉलर होतील असं अपोलोच्या निर्मात्याने सांगितलं आणि 30 जूनला अॅप बंद केलं. अॅपमध्ये खोट नव्हती. पण त्यातला शब्दन् शब्द रेडिटकडून येत होता.

आमच्या कामातलं स्वतःचं काय? क्रेप किती आवळतं, फेंटचा भाव कसा धरतात, मेहताजी वहीत काय लिहितात, हे ज्ञान. ते कुणाच्या परवानगीवर चालत नाही. उद्या बाजार दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळला तर ते सोबत नेता येईल. भावाला म्हटलं, गिऱ्हाईक टिकवायचं तर असं टिकवू की त्याला जायची मोकळीक असेल आणि तरी तो राहील. म्हणून प्रत्येक अहवाल एक्सेलमध्ये काढायची सोय पहिल्या दिवसापासून द्यायची. आमची फाइल काढून टाकली की आमचे रकाने टॅलीत दिसत नाहीत. ती माहिती आमच्यावाचून वाचता आली पाहिजे.

6 मार्च, बुधवार

बाजारात एकच विषय, 43बी(एच). आयकर कायद्यातल्या या नव्या कलमामुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवावं लागतं. मुदत उलटलेली रक्कम 31 मार्चला बाकी राहिली तर ती या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरायची. लांब उधारीवर चालणाऱ्या या बाजाराला ते जड जातंय. बाहेरगावचे व्यापारी माल परत पाठवताहेत, काही ऑर्डरी थांबवताहेत. विणकारासारख्या छोट्यांना पैसे लवकर मिळावेत म्हणून केलेला कायदा, आणि आज घाबरलेले बरेचसे तेच.

दिवसभर फोन. "आमच्यासाठी याचा अहवाल करून द्या, लागतील तेवढे पैसे घ्या." आठवड्याभराचं काम आहे आणि मार्चअखेरीस पैशांची निकडही आहे. तरी जानेवारीत लावलेली कसोटी इथेही लावली. कायदा देशभराचा, म्हणजे सोयही देशभराची होणार. म्हणून साधी यादी करून दिली. पुरवठादार उद्यम नोंदणीचा आहे का, तो उत्पादक आहे की नुसता व्यापारी (व्यापाऱ्याला या कलमाचं संरक्षण नाही), माल कधी स्वीकारला, दिवस किती झाले. जुन्या गिऱ्हाइकांना ती फुकट दिली आणि त्यावर वेगळं उत्पादन करायचं नाही, असं ठरवलं.

16 मार्च, शनिवार

एका प्रायव्हेट लिमिटेड पार्टीने आडून विचारलं, जुन्या तारखेची नोंद बदलली तरी खूण राहणार नाही असं काही करता येईल का. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणं सक्तीचं आहे. मी नाही म्हटलं. पार्टी बहुधा जाईल. जाऊ दे.

2017 साली मी एका गाळ्यावर अकाउंट लिहायचे. जुलैत जीएसटी आला, त्याविरुद्ध बाजार कितीतरी दिवस बंद राहिला. त्यानंतर पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसलेले मेहताजी मी पाहिले आहेत. पक्क्या वहीतली शाई खोडता येत नाही म्हणून त्यांचा वहीवर भरवसा होता. तोच भरवसा पडद्यावर बसायला वर्षं लागली. तो आमच्या फाइलमुळे ढळता कामा नये.

31 मार्च, रविवार

वर्षअखेर. रविवार असूनही गाळे उघडे. साडीवाल्या शेठकडे वर्षभराचे लॉट नव्या रकान्यातून फिरवले. साध्या कापडाची शॉर्टेज 9 च्या आतच निघाली. क्रेपची मात्र जवळपास प्रत्येक लॉटला 10 ते 12, आणि एका मिलची नव्हे, तिन्ही मिलची. म्हणजे त्या 24 मीटरचा दोष मिलचा नव्हता, दर ठरवताना कापडाची जातच धरली नव्हती. शेठने मिलच्या माणसाला बोलावलं, पडदा दाखवला, कापलेली रक्कम जमा केली आणि क्रेपचा वेगळा दर लिहून घेतला. दोघं चहा पिऊन उठले.

माझ्या दृष्टीने वर्षाची खरी कमाई ही. आजवर वही व्यापाऱ्याच्या बाजूची आणि बिल मिलच्या बाजूचं असायचं. आज दोघांनी एकच आकडा मानला.

9 एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

गुढी उभारून ऑफिसला आले आणि वर्षाचा बेत भावासोबत कागदावर उतरवला. पहिलं, ताक्याची साखळी मागे विणकारापर्यंत न्यायची. लूमवरून उतरलेला ताका, मिलचा लॉट आणि गाळ्यावरची साडी, एकाच नंबराने शोधता आली पाहिजे. दुसरं, मिलवाल्यांसाठी तीच माहिती त्यांच्या बाजूने. तिसरं, डिंडोली-लिंबायतमधल्या कॉमर्स शिकलेल्या मुलींना टीडीएल शिकवायचं, मराठीतून. चलान आणि बिल त्यांच्या घरात बोललं जातं, ते ज्ञान बाहेरून आणता येत नाही. चौथं, सहा महिन्यांचा खर्च बाजूला साठेपर्यंत नवं ऑफिस घ्यायचं नाही.

भावाने विचारलं, एवढ्यावर कंपनी मोठी कशी होणार? सुरतेत गाळे हजारोंनी आहेत, लूम लाखोंनी. त्यातल्या बहुतेकांची शॉर्टेज अजून पेन्सिलीने लिहिली जाते. देशाचं काम मूळ कंपनी करते आहे आणि चांगलं करते आहे. रिंगरोडचं काम रिंगरोडवाल्यांनीच केलं पाहिजे, आणि ते एका आयुष्याला पुरून उरेल एवढं आहे.