परशुराम

तो उभा राहतो तो नाक वर करून. शेपटीखाली एक छोटे चाक, पंखांखाली दोन मोठी, त्यामुळे मागच्या दारातून आत शिरलेल्या माणसाला वैमानिकाच्या जागेपर्यंत चढ चढूनच जावे लागते. पोट गोल, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 95 फूट. युद्धातले विमान म्हटले की सुरीसारखा जो आकार डोळ्यांपुढे येतो, तो याच्यात कुठेच नाही. हा आहे ओझी वाहणारा. सैनिक, पीठ, दारूगोळा, जखमी, निर्वासित, जे द्याल ते पोटात घेऊन निघणारा. डग्लस कंपनीचा डीसी-3, लष्करी नाव डाकोटा, आणि भारतीय हवाई दलात आल्यावर मिळालेले नाव परशुराम. अंगावर क्रमांक व्हीपी 905.

हे नाव ऐकून आमच्या मुंबईतल्या काळाचौकीतला माणूस जरा थबकतो. इथली कितीतरी बिऱ्हाडे कोकणातली. गणपतीला गावी जाताना परशुराम घाट आला की एसटीत झोपलेल्या पोरांना उठवले जायचे, चिपळूण आले म्हणून. समुद्र मागे हटवून जमीन मिळवणारा तो परशुराम, सात चिरंजिवांतला एक. हे विमान हवाई दलाला भेट देणारे राजीव चंद्रशेखर मूळचे केरळचे, आणि केरळही स्वतःला परशुरामाचीच भूमी मानतो. ज्या विमानाला पुन्हा जिवंत केले, त्याला चिरंजिवाचे नाव दिले. मला हे नाव फार योग्य वाटते.

याचा जन्म 1944 चा, दुसरे महायुद्ध चालू असतानाचा. तो ब्रिटिश हवाई दलात राबला, युद्धानंतर नागरी विमान झाला, या हातातून त्या हातात गेला. जुन्या विमानांचे आयुष्य असेच असते. मालक बदलतात, रंग बदलतात, नोंदणीची अक्षरे बदलतात. 2011 साली चंद्रशेखरांनी तो विकत घेतला तेव्हा तो भंगारात निघाला होता. चंद्रशेखरांचे वडील, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर, हवाई दलात डाकोटाच चालवायचे. वडिलांचे विमान मुलाने लहानपणी पाहिले होते. व्यवहार एवढ्यावरच झाला. त्यात नफ्याचा हिशेब नव्हता.

भंगार म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. काळाचौकीतून रे रोडचा पूल ओलांडला की दारूखाना. जहाजे तोडण्याची ही जुनी जागा. पत्र्याचे ढीग, गॅस कटरच्या ठिणग्या, तेलात भिजलेली जमीन, आणि जहाजातून निघालेल्या व्हॉल्व्हपासून खुर्च्यांपर्यंत सगळे विकणारी दुकाने. 2014 साली 'विक्रांत' तिथे आली. 1971 च्या युद्धात जिच्या डेकवरून सी हॉक विमानांनी उड्डाण करून कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले, ती आपली पहिली विमानवाहू नौका. बरीच वर्षे ती मुंबईच्या बंदरात संग्रहालय म्हणून उभी होती. शाळेच्या सहली यायच्या. मग लिलाव झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तोडणी सुरू झाली. मी दोनदा पाहायला गेलो. तिसऱ्यांदा जाववले नाही.

गिरण्यांचेही तेच झाले. माझे वडील गिरणीत साचेखात्यात फिटर होते. साचा, म्हणजे कापडाचा माग, बिघडला की ते लांब पान्याचे एक टोक बेअरिंगवर आणि दुसरे कानाला लावून उभे राहत, आणि आत काय दुखते ते सांगत. 1982 चा संप झाला, पुढे गिरणी बंद पडली, आणि साचे ट्रकमधून वजनावर गेले. वडील त्या दिवशी फाटकापाशी उभे होते. त्यांच्या हातचा एक साचा विकत घेऊन जपावा एवढी ऐपत आमच्यात कुणाची नव्हती, आणि खरे सांगायचे तर तसे काही करता येते हे सुचलेही नाही. म्हणून या डाकोटाची गोष्ट वाचली तेव्हा मला त्यातला श्रीमंत माणूस दिसला नाही. वडिलांचे यंत्र परत मिळवणारा मुलगा दिसला.

डाकोटाला पुन्हा उभे करण्याचे काम इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला चालले, आणि काही वर्षे चालले. डाकोटाचे शरीर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे, हजारो रिबिटांनी जोडलेले. एक रिबिट बसवायला दोन माणसे लागतात. एक बाहेरून हातोडी चालवणारा, दुसरा आत वाकून लोखंडी ठोकळा धरून बसणारा. दोघे एकमेकांना दिसत नाहीत, आवाजावरच काम चालते. पंखांच्या आत एकाच्या जागी अनेक आडव्या तुळया आहेत, भार सगळ्यांवर वाटला जातो, म्हणून हे पंख लवकर थकत नाहीत. पंख आणि शेपटीवरचे हलणारे भाग मात्र कापडाने मढवलेले असतात. त्या कापडावर लेप देऊन ते मृदंगाच्या कातड्यासारखे ताणून घ्यावे लागते. धातूचे एवढे मोठे विमान, आणि त्याला वळवणारे असते कापड! गिरणगावातल्या माणसाला हे ऐकून बरे वाटते.

इंजिने दोन, प्रत्येकात गोलाकार मांडलेले चौदा सिलिंडर, ताकद प्रत्येकी 1,200 अश्वशक्ती. विमान उभे राहिले की खालच्या सिलिंडरांत तेल झिरपून साठते. तसेच चालू केले तर इंजिनाचा दांडा वाकेल, म्हणून आधी माणसे पंखा हाताने फिरवतात, पाते-पाते मोजत. मग चालू केल्यावर इंजिन पांढरा धूर टाकते, दोनचार ठसके देते आणि सुराला लागते. माझ्या वडिलांनी त्याला पाना लावून नक्की ऐकले असते.

ही भेट पहिल्यांदा सरकारने स्वीकारली नव्हती. पुढे गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना होकार आला. 13 फेब्रुवारी 2018 रोजी दिल्लीत हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ यांच्याकडे किल्ली सुपूर्द झाली, आणि डाकोटाचे जुने वैमानिक, चंद्रशेखरांचे वडील, त्या वेळी हजर होते. एप्रिलमध्ये परशुराम कॉव्हेंट्रीहून स्वतःच्या पंखांवर निघाला. फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन, ओमान असे थांबे घेत आठवडाभराने जामनगरला उतरला. चौऱ्याहत्तर वर्षांचे विमान! 4 मे 2018 रोजी हिंडन तळावर तो रीतसर हवाई दलात दाखल झाला.

आता एक गोष्ट सरळ सांगतो. अंगावर व्हीपी 905 लिहिले असले तरी 27 ऑक्टोबर 1947 च्या सकाळी श्रीनगरला उतरलेले विमान हे नव्हे. ते वेगळे होते. त्याचा क्रमांक आणि त्याची आठवण याला दिली आहे. काही जाणकारांना हे खटकते. मला नाही खटकत. आमच्या लालबाग-काळाचौकीत मूर्ती दरवर्षी नवी येते, माती नवी, रंग नवा. तरी प्राणप्रतिष्ठा झाली की गणपती तोच असतो, मागच्या वर्षी ज्याला निरोप दिला तोच. प्रतिष्ठा करणारी माणसे खरी असली की झाले.

त्या 27 ऑक्टोबरला श्रीनगरचा विमानतळ म्हणजे कच्ची पट्टी होती. पाकिस्तानातून घुसलेले टोळीवाले बारामुल्लापर्यंत पोचले होते. डाकोटांनी पहिल्या शीख पलटणीचे जवान तिथे उतरवले. त्यांचे कमांडर लेफ्टनंट कर्नल रणजित राय बारामुल्लाच्या वाटेवरच धारातीर्थी पडले. त्या सकाळी डाकोटा उतरला नसता तर श्रीनगर वाचले नसते, असे मी मानतो. पुढे पूंछला वेढा पडला तेव्हा डाकोटांनी रसद नेली, परत येताना निर्वासित आणले, आणि वेळ आली तेव्हा मागच्या दारातून हातांनी बॉम्बही ढकलले. मे 1948 मध्ये एअर कमोडोर मेहर सिंगांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन डाकोटा लेहला उतरवला, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर. ते विमान अशा उंचीसाठी कुणी बनवले नव्हते.

आणि 11 डिसेंबर 1971. बांगलादेशातल्या टांगाईलवर दुसऱ्या पॅरा पलटणीचे जवान छत्र्यांनी उतरले, ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायला. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची; पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली तरी नावापुढचे 'मराठा' तिने तेव्हा सोडले नव्हते. त्या संध्याकाळी आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या पोरांना घेऊन गेलेल्या विमानांत डाकोटाही होते. सोळा डिसेंबरला ढाका पडले. टांगाईलला उतरलेली पलटण मराठ्यांची होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

26 जानेवारी 2022 च्या दिल्लीतल्या संचलनात परशुराम दोन डॉर्नियर विमानांना बाजूला घेऊन राजपथावरून गेला. त्या रचनेचे नाव होते 'टांगाईल'. 2024 मध्ये पुन्हा तेच झाले. यापुढे प्रजासत्ताक दिनी तो दिसला तर टीव्हीचा आवाज वाढवा आणि घरातल्या मुलांना गप्प बसायला सांगा. निवेदक बोलत असतो, पण मागे ती दोन इंजिने ऐकू येतात.