नारायण पेठेतील कोठीची दारे

पुण्यास आलेला पाहुणा शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहिल्यावाचून परतत नाही, आणि ते यथायोग्यच आहे. हत्तीने मस्तक लावू नये म्हणून ओळीने बसविलेले अणकुचीदार खिळे आणि त्या प्रचंड दाराच्या पोटात माणसापुरती काढलेली दिंडी पाहून कोणाचेही मन पेशवाईत जाते. परंतु तेथून पायी थोड्याच अंतरावर, नारायण पेठेत, जी बुटकी, साधी, रंग उडालेली दारे रस्त्याकडे तोंड करून उभी आहेत, त्यांजकडे पाहुणा तर नाहीच, पण घरचा माणूसही मान वळवून पाहात नाही. वाड्यांच्या बाहेरील अंगास असलेल्या कोठ्यांची ही दारे होत. वाचकांनी आज आमच्याबरोबर घटकाभर ह्या दारांपाशी उभे राहावे, अशी विनंती आहे.

ही पेठ माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत वसली आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव ह्यांचे नाव तिला मिळाले. तिच्या पश्चिमेस मुठा नदी आहे. नावाचाच लाकडी राहिलेला लकडी पूल एका टोकास, आणि खडकवासल्याचे पाणी सोडले की हमखास बुडणारा भिडे पूल जवळच. पत्र्या मारुती, मोदी गणपती ही येथील जुनी दैवते. आणि 1905 साली टिळकांनी घेतलेला गायकवाड वाडा, ज्यास आज सर्वजण केसरीवाडा म्हणतात, तो येथलाच. ह्या ठिकाणांच्या मधल्या बोळांतून आज बहुतेक उंच इमारतीच दिसतात. तरी दोन इमारतींच्या बेचक्यात एखादा वाडा अद्यापि तग धरून आहे. आणि वाडा म्हटला की कोठी आलीच.

वाड्याच्या मुख्य दरवाजाचा थाट निराळा. त्याला गणेशपट्टी, पितळी कड्या, आतून घालावयाचा भक्कम अडसर. कोठीच्या दारास ह्यातले काही नाही. जोत्याच्या उंचीवर, भिंतीच्या जाडीत बसविलेली दोन फळ्यांची चौकट, एक कडी, एक कोयंडा, आणि वर वारा खेळण्यासाठी चार भोके. आत सरपण, गोवऱ्या, कोळशाची पोती, पावसाळ्याची बेगमी. घरात चिखल न आणता गाडीवरचा माल थेट आत टाकता यावा, म्हणून हे दार रस्त्याकडे काढलेले असे. सरपण गेले, कोळसा गेला. कोठीत पुढे सायकली आल्या, उत्सवाची भांडी आली, कोठे एखाद्या भाडेकरूचा लहानसा धंदाही आला. शास्त्रकारांनी देहलीदीपन्याय सांगितला आहे: उंबऱ्यावरचा दिवा आत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड देतो. हे दारही तसेच एक तोंड घराकडे व एक तोंड रस्त्याकडे ठेवून असते. दुर्दैवाने त्यामुळेच त्याची काळजी घरही घेत नाही आणि रस्ताही घेत नाही.

ही दारे प्रथम कोठे कुजतात, हे पाहू. ती नेहमी खालून कुजतात. लाकूड उभ्या शिरांच्या तोंडातून पाणी पिते, आणि दाराच्या फळीचे ते तोंड नेमके उंबऱ्याशी असते. पूर्वी जोते रस्त्याहून हात-दीड हात उंच असे. पुढे रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत गेले. रस्ता वर आला आणि जोते आपल्या जागी राहिले. आता पावसाचा प्रत्येक शिंतोडा, प्रत्येक मोटारीने उडविलेले पाणी दाराच्या खालच्या वीतभर भागावर बसते. दिनांक 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा कित्येक मातीच्या भिंती विरघळून वाडे खाली बसले. तो प्रलय एका दिवसाचा होता. शिंतोड्यांचे पाणी मात्र दर वर्षी चार महिने येते, गाजावाजा न करता येते, आणि सावकाश तेच काम करते.

दुसरे कारण पाण्याचे नव्हे, माणसांचे आहे. 1947 सालच्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याने भाडी जागच्या जागी गोठली. त्या काळी महागाईत सापडलेल्या गरीब बिऱ्हाडकरूस त्या कायद्याने छत दिले, हे विसरून चालणार नाही. परंतु भाडे गोठले तरी सुताराची मजुरी गोठली नाही. पुढे आलेल्या 1999 सालच्या महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायद्याप्रमाणे जागा नीट राखणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि त्याने नोटीस मिळूनही हयगय केल्यास भाडेकरूने दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपलीकडे नव्हे, अशी तरतूद आहे. तरतूद न्याय्य आहे. पण जुन्या वाड्यातील वर्षाच्या भाड्याच्या चौथाईत पुष्कळदा एक जोडी बिजागऱ्याही येत नाहीत. मग मालक भाडेकरूकडे पाहतो, भाडेकरू मालकाकडे पाहतो, आणि दोघांच्या मध्ये दार कुजत राहते.

असाच एक प्रसंग गेल्या उन्हाळ्यात आमच्या पाहण्यात आला. तीन भावांचा वाडा. बाहेरची कोठी एका वृद्ध भाडेकरूबाईंकडे. त्या मेतकूट, भाजणी, पापड करून विकीत, आणि डबे त्या कोठीत ठेवीत. आदल्या पावसाळ्यात दाराखालून ओल शिरून भाजणीचे डबे बुरसले. त्या नुकसानीने बाईंचे दोन महिने जड गेले. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, वाडा पाचसहा वर्षांत पाडावयाचाच आहे. पत्र्याचे दार ठोकून द्या म्हणजे झाले." वडील बंधू निरुत्तर झाले, कारण बोलणे व्यवहाराचे होते. तेवढ्यात घरातील थोरल्या वहिनी म्हणाल्या, "वाडा पाडावयाचा तेव्हा पाडा. पण ह्या पाच वर्षांत काकूंनी पोट कशावर भरायचे?" आणि दार पाहावयास आलेले वृद्ध सुतार हळूच म्हणाले, "दार मेलेलं नाही, मालक. खालचं वीतभर मेलंय. वरचं सागवान तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगेल." शेवटी ठरले ते असे: लाकूड व मजुरी मालकांनी द्यावी, तेलपाणी आणि दर वर्षीची निगा काकूंनी पाहावी, आणि हे कागदावर लिहून दोघांनी सही करावी. आम्हांस वाटते, त्या दाराची पहिली दुरुस्ती त्या कागदाने झाली.

पुढचे काम आम्ही बसून पाहिले. ते वाचकांच्याही उपयोगी पडावे. प्रथम दारास हात न लावता उंबऱ्यापुढची जमीन खरवडून पाण्यास रस्त्याकडे उतार दिला. रोगाचे कारण तसेच ठेवून औषध दिले, तर ते वाया जाते. मग दार उतरविले. उतरविण्यापूर्वी प्रत्येक फळीवर खडूने आकडा घातला, कारण जुन्या हाताने केलेल्या दोन फळ्या कधीही एकसारख्या नसतात.

रंगाचे थर काढताना सुतारांनी दिवटी वापरू दिली नाही, आणि ते फार चांगले केले. जुन्या तेलरंगात शिसे असते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा आली ती 2017 साली. रंग जाळला किंवा कोरडा घासला की ते शिसे धुरातून व धुळीतून लहान मुलांच्या पोटात जाते. म्हणून रंग ओला करून खरवडावा, तोंडास फडके बांधावे, मुलांस दूर ठेवावे आणि खरवड गोळा करून टाकावी. घरात नातवंडे असतील त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

नंतर पटाशीच्या टोकाने लाकूड टोचून पाहिले. जेथे पटाशी लोण्यात शिरावी तशी शिरली, तेवढाच भाग कापला; जेथे ती अडली, तेथे करवत थांबली. नवा तुकडा मोडलेल्या वाड्याच्या जुन्या सागवानाचा घेतला, कारण मुरलेले लाकूड पुन्हा आकसत नाही. त्याच्या शिरा जुन्या फळीच्या शिरांच्या दिशेने लावल्या, आणि सांधा आडवा न ठेवता तिरका व बाहेरच्या बाजूस उतरता ठेवला, म्हणजे वरून ओघळलेले पाणी सांध्यात न थांबता निघून जाते. कडीकोयंडे रॉकेलात भिजवून गंज काढला. नवे न घेता तेच बसविले. सागवानात लोखंड सहसा गंजून खात नाही, हा त्या लाकडाचा मोठा गुण.

दार पुन्हा बसविताना फटीवरून धाकट्या बंधूंनी हरकत घेतली. सुतारांनी खाली व बाजूस बारीक फट राखली होती. "वैशाखात घट्ट बसवलेलं दार आषाढात उघडत नाही," एवढेच ते म्हणाले. लाकूड पावसाळ्यात फुगते. त्यास जागा हवी. वरची हवेची भोकेही त्यांनी बुजविली नाहीत, कारण कोंडलेल्या कोठीत बाहेरचे पाणी न येताही बुरशी येते. शेवटी जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले. तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते, आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते पसरून वाळवावेत, किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

आता नारायण पेठेतील पुष्कळ घरांची मुले समुद्रापार आहेत, म्हणून तिकडील एक उदाहरण देतो. अमेरिकेत मोटारीमागे ओढून न्यावयाची चाकांवरची घरे असतात; 'एअरस्ट्रीम' ह्या कंपनीने 1936 साली काढलेले 'क्लिपर' हे चकचकीत अॅल्युमिनियमचे घर त्यांत प्रसिद्ध आहे. असल्या जुन्या गाड्यांच्या बाहेरील अंगास सामानाच्या कप्प्यांची लहान दारे असतात, आणि हौशी लोक ती मोठ्या कष्टाने पूर्ववत करतात. तेथेही दुखणे तेच. दाराभोवतीचे रबर वाळून चिरते, पाणी आत झिरपते, आणि बाहेरचा पत्रा लखलखत असता आतील लाकूड कुजून जाते. देश निराळा, वस्तू निराळी. पाण्याचा मार्ग एकच आणि उपायही एकच. आधी पाणी थांबवावे, मग मेलेले तेवढेच काढावे.

आपल्या भाषेत ह्या कामास फार सुंदर शब्द आहे: जीर्णोद्धार. जीर्ण जे, त्याचा उद्धार. हल्ली जीर्णोद्धार म्हणून जे चालते, त्यात पुष्कळदा जीर्णाची हकालपट्टी होते आणि उद्धार सिमेंटाचा होतो. वाडे कायम राहावेत असा आमचा हट्ट नाही. ओल्या भिंतीत, मोडक्या जिन्यावर, सामाईक नळाशी भांडत माणसांनी आयुष्य काढावे, असे म्हणण्याचा अधिकार वाड्याबाहेर राहणाऱ्यास नाही. तो वाडाही एक दिवस जाईल. पण एखादी वस्तू उद्या जावयाची आहे, एवढ्याने ती आज कुजू देण्याचे कारण होत नाही. कारण त्या वस्तूच्या आड आज कोणीतरी राहत असते, कोणाचे तरी डबे असतात.

तेव्हा ज्यांच्या घरास बाहेरचे एखादे दार अद्यापि असेल, मग ते कोठीचे असो, माळ्याचे असो वा मीटरच्या पेटीचे असो, त्यांनी मृग लागण्यापूर्वी एकदा खाली बसून त्याच्या तळाशी अंगठा दाबून पाहावा. अंगठा आत गेला, तर सुतारास बोलवावे. आणि सुतार येण्यापूर्वी, ते दार कोणाचे, ह्याचा निकाल घरात बसून गोडीगुलाबीने लावावा.