शिंपल्यांचें सार

पातळ अन्नाविषयीं आदरानें बोलण्याची सोय मराठींत फारशी नाहीं. पाणचट, मिळमिळीत, अळणी, फुळकवणी हे सारे शब्द स्वयंपाकघरांतून निघाले आणि थेट वाङ्मयसमीक्षेंत येऊन बसले; एखाद्या कादंबरीला 'अळणी' म्हटलें कीं तिच्या लेखकाचें काय व्हायचें तें होऊन जातें. उलट 'झणझणीत' हें विशेषण अग्रलेखाला लावलें तरी ती स्तुतीच ठरते. पेज, कढण, सार हे पदार्थ आपल्याकडे आहेत खरे. पण ते आजाऱ्याच्या उशाशीं, नाहीं तर भाताच्या आश्रयानें. स्वच्छ, तळ दिसणारें पाणी वाडग्यांत घालून पाहुण्यापुढें मानानें ठेवावें, हें आपल्याला सुचतच नाहीं.

माझी मुलगी जपानांत, नागोया शहरांत, राहते. जांवई तिकडचाच. गेल्या वर्षीं फेब्रुवारीच्या अखेरीस मी तिच्याकडे महिनाभर राहून आलों. खरें म्हणजे हा प्रवास माझ्या पत्नीनें करावयाचा होता. तिकिटें काढण्याची गोष्ट दोनदां निघाली आणि दोन्ही वेळां तिच्या दुखण्यामुळें मागें पडली. पुढें ती निघण्याचें कारणच उरलें नाहीं. ती रेवदंड्याची. मुलीनें परक्या देशांत संसार थाटला याचें तिला फारसें दुःख नव्हतें. "खोबऱ्यावांचून आणि मिरचीवांचून पोर खाते तरी काय?" ही तिची चिंता मात्र शेवटपर्यंत टिकली. तिच्या हातच्या मसाल्याची एक बाटली कपाटांत उरली होती, ती मीं सामानांत घेतली.

पहिल्याच रात्रीं मुलीनें जो वाडगा पुढें ठेवला त्यांत पाणी, सात-आठ शिंपले, पांढऱ्या शुभ्र टोफूचे चार तुकडे आणि वर कांद्याच्या पातीचा हिरवा चुरा, एवढेंच होतें. तेलाचा थेंबहि वर तरंगत नव्हता. तें मला गरम खारें पाणीच वाटलें. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मात्र जेवणांत तें नसलें तर चुकल्याचुकल्यासारखें वाटूं लागलें. मग मीं ओट्याशीं उभें राहून तें शिकून घेतलें.

आसारी नांवाचे तेथील शिंपले आपल्या तिसऱ्यांचेच भाऊबंद. तिघांना सुमारें ३५० ग्रॅम पुरतात. एक लिटर पाण्यांत ३० ग्रॅम मीठ विरघळवून, म्हणजे जवळजवळ समुद्रच तयार करून, त्यांत ते दोन-तीन तास अंधारांत ठेवावे लागतात. आपण घरींच आहों अशा समजुतीनें ते बिचारे नळ्या बाहेर काढतात आणि पोटांतली वाळू टाकून देतात. मधूनच पिचकारीहि मारतात, म्हणून वर वर्तमानपत्र झांकायचें. यांत थोडी फसवणूक आहे. पण आमच्याकडे विळीच्या पात्यावर त्यांची जी गत होते तिच्या मानानें ती सौम्यच म्हणावयाची.

मग ते चोळून धुवायचे आणि थंड पाण्यांतच घालायचे. त्या पाण्यांत कोंबू नांवाच्या वाळलेल्या समुद्रशैवालाचा चार बोटें लांबीचा तुकडा अर्धा तास आधीं भिजत पडलेला असतो. आंच मंद हवी. पाणी सावकाश तापलें तर चव पाण्यांत उतरायला अवधि मिळतो. उकळी फुटण्याच्या आंत कोंबू काढून घ्यायचा, नाहीं तर पाण्याला बुळबुळीतपणा येतो. वर येणारा फेस चमच्यानें काढीत राहायचें. थोड्या वेळानें एकेक शिंपला उघडूं लागतो. सगळे उघडले कीं पुढें क्षणभरहि रेंगाळायचें नाहीं, कारण मांस चामट होतें. जो उघडत नाहीं तो टाकून द्यायचा. साके या तांदुळाच्या मद्याचा एक चमचा, सोयाबीनच्या काळ्या रसाचे चार थेंब, आणि मीठ मात्र चाखून पाहिल्याशिवाय नाहीं. प्रत्येक शिंपल्यानें घोटभर समुद्र बरोबर आणलेला असतो.

टोफू शेवटीं. त्याच्या दोन जाती: एक कापडांत घालून दाबलेला, त्याला सुती म्हणतात, दुसरा न दाबतां सांच्यांतच विरजल्यासारखा थिजवलेला, तो रेशमी. या सारांत रेशमीच शोभतो. मुलगी तो तळहातावर ठेवूनच सुरीनें कापते. सुरी सरळ खालीं दाबायची, ओढायची नाहीं, हें रहस्य कळेपर्यंत माझा जीव वरखालीं होत असे. सोयाबीनचें दूध थिजविण्यासाठीं जें निगारी नांवाचें कडवट द्रव्य घालतात तें मिठागरांत मीठ काढून घेतल्यावर मागें उरणाऱ्या पाण्याचेंच. म्हणजे वाडग्यांतला हा जमिनीवरचा पदार्थहि समुद्रानेंच घडवलेला! तो सारांत उकळूं द्यायचा नाहीं. उकळला कीं त्याला जाळी पडते.

यांत चव कोठून येते, हा प्रश्न माझ्याहून योग्य प्राध्यापकाला पूर्वींच पडून गेला आहे. टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठांतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनीं १९०८ सालीं कोंबूंतून ग्लूटॅमिक आम्ल वेगळें काढलें आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पंक्तीला 'उमामी' नांवाची चव बसवली. कोंबूच्या पाण्यांतला टोफू खातां खातांच त्यांना ही शंका आली, असें सांगतात. पुढच्याच वर्षीं बाजारांत आलेली आजिनोमोतो ही पूड याच शोधाचें अपत्य. आपल्या चिनी पदार्थांच्या गाड्यांनीं तिची पार अब्रू घालवली. ही चव आपल्या षड्रसांत नाहीं, पण तिसऱ्यांच्या रश्श्यांत ती असणारच. वाटणाच्या गोंगाटांत ती ऐकूं येत नव्हती इतकेंच. पत्नीसमोर हें वाक्य उच्चारण्याचें धाडस मला झालें नसतें.

३ मार्चला तिकडे मुलींचा सण असतो. माझी नात चार वर्षांची. त्या दिवशीं साराला आसारी चालत नाहींत. हामागुरी नांवाचे मोठे शिंपले लागतात. नागोयाच्या शेजारचें कुवाना गांव त्यांच्यासाठीं जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. या शिंपल्याचीं दोन दळें एकमेकांनाच बसतात, दुसऱ्या कोणत्याहि दळाशीं जुळत नाहींत. म्हणून लग्नांतहि हें सार करतात. पूर्वीं ३६० शिंपल्यांचीं दळें सुटीं करून जोड्या जुळविण्याचा खेळ सरदारघराण्यांत खेळत, आणि त्या शिंपल्यांच्या पेट्या नवरीबरोबर सासरीं जात. आमच्याकडे तिसऱ्यांची एकशिपी होते. मांस एका शिपींत ठेवायचें, रिकामी शिपी फेंकून द्यायची. "दोन्ही ठेवल्या तर मसाला कुठें शिरेल?" असें तिची आई म्हणे. हें मीं जांवयाला मोडक्यातोडक्या इंग्रजींत समजावून सांगितलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. नातीनें तेवढ्यांत वाडग्यांतलीं दळें टेबलावर पसरून त्यांची सरमिसळ करून टाकली होती.

स्वयंपाकघरांत मुलीनें त्या बाटलीचें झांकण उघडून वास घेतला. "बाबा, तुमच्या वाडग्यांत घालूं का थोडा?" तिनें विचारलें. मीं नको म्हटलें. दुसऱ्या दिवशीं बाजारांतून आम्हीं पुन्हां आसारी आणल्या आणि त्या मसाल्याची एकशिपी केली. जांवयानें दोनदां पाणी मागितलें आणि तीनदां वाढून घेतलें.