धाराशिवचे रस्ते व चिमुकली मोटार

धाराशिव जिल्ह्यांत रस्ते दोन जातींचे आहेत. एक, बालाघाटाच्या पठारावर ज्वारीच्या व सोयाबीनच्या शेतांतून गांवोगांव फिरणारे. आणि दुसरे राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे सोलापुराहून तुळजापूर-येडशीवरून बीडकडे जाणारा ५२ क्रमांकाचा व नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादेकडे जाणारा ६५ क्रमांकाचा. अगदीं लहान मोटार घ्यावी कीं न घ्यावी, हा मध्यम स्थितींतल्या घरांत वारंवार निघणारा प्रश्न या दोन्ही रस्त्यांवरून फिरल्यावांचून सुटत नाहीं, असें गेल्या पौषांत धाराशिवास मुलीकडे राहिलों असतां माझ्या ध्यानांत आलें.

आमचे जांवईबापू, मुलगी व दोन नातवंडें हीं चौघें गांवांत एकाच स्कूटरवरून फिरतात. धाकटें पुढें उभें, थोरलें दोघांच्या मध्यें. तें दृश्य पाहून ज्याच्या पोटांत कालवत नाहीं असा आजोबा विरळाच! म्हणून जांवईबापूंनीं जुन्या गाड्यांच्या बाजारांतली एक 'नॅनो' दोन दिवस पारखण्याकरितां आणिली होती. अशींच पावसांत स्कूटरवरून जाणारीं कुटुंबें पाहून आपणांस ही गाडी सुचली, असें रतन टाटा सांगत. १० जानेवारी २००८ रोजीं ती दिल्लीच्या प्रदर्शनांत प्रथम प्रकटली. लाख रुपयांची मोटार म्हणून तिचा केवढा गाजावाजा झाला! २०१८ नंतर मात्र ती कारखान्यांतून निघाली नाहीं.

पहिल्या दिवशीं आम्ही तेरला गेलों. जेथें मोठी मोटार अडून बसली असती, अशा जुन्या पेठेंतल्या बोळांतून ही सुमारें तीन मीटरांची गाडी सहज वळली. तेरणेच्या कांठीं गोरोबाकाकांच्या समाधीचें दर्शन घेतलें, व त्रिविक्रमाच्या विटांच्या प्राचीन देवळांत गेलों. 'नॅनो' शब्दाचें मूळ ग्रीक 'नॅनोस', म्हणजे खुजा, वामन. आणि वामनानेंच पुढें त्रिविक्रम होऊन त्रिभुवन व्यापिलें! हें सांगितलें तेव्हां जांवईबापू हंसून म्हणाले, "मामा, मग उद्यां हिला तुळजापूरचा घाट दाखवूं."

दुसऱ्या दिवसाचा अनुभव निराळा. शेजारून मालमोटार गेली कीं गाडी वाऱ्यानें थरथरे. हंगाम उंसाचा, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, आणि कित्येकांच्या मागें दिवा नाहीं. घाटाच्या उतारावर मागची मालमोटार आरशांत मोठी मोठी होत चाललेली पाहतांना वामनावतार मी साफ विसरलों.

येथें भावना बाजूला ठेवून हिशेब पाहावा. वेग दुप्पट झाला तर आघाताची शक्ति चौपट होते. आणि हलकें वाहन जड वाहनावर आदळलें म्हणजे धक्क्याचा मोठा वांटा हलक्याच्या पदरांत पडतो. २०१४ सालीं 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेनें भारतांतल्या पांच लहान गाड्या ताशीं ६४ किलोमीटर वेगानें आदळून पाहिल्या. अपघात होतांच फुगणारी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, त्यांपैकीं एकींतही नव्हती. पांचांनाही प्रौढांच्या संरक्षणाबद्दल शून्य तारे मिळाले. परंतु 'नॅनो', 'आल्टो ८००' व 'आय-१०' यांचा सांगाडाच टिकला नाहीं. 'फिगो' व 'पोलो' यांचा टिकला, आणि दोन एअरबॅग बसविलेल्या 'पोलो'ला त्याच परीक्षेंत चार तारे मिळाले. म्हणजे दोष केवळ लहानपणाचा नव्हे.

जांवईबापूंचा युक्तिवाद असा कीं, स्कूटरला तर सांगाडाच नाहीं. तो खोटा नाहीं. पण आजवर तीं चौघें सोलापुरास विहीणबाईंकडे जात तीं एस.टी.नें, स्कूटरवरून घाट उतरण्याचें कोणाच्या मनांतही आलें नाहीं. दाराशीं चार चाकें व छप्पर आलें कीं महामार्ग खुणावूं लागतो, आणि खरा धोका तेथें आहे.

नवीन गाड्यांत पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग आतां कायद्यानें सक्तीच्या आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप'ची परीक्षाही सुरू झाली आहे; ती ऐच्छिक असल्यामुळें तारे किती, हें विक्रेत्यास विचारावयास लाजूं नये.

ती 'नॅनो' परत गेली. शाळा, बाजार व तेर यांपुरती, एअरबॅग असलेली व परीक्षेस उतरलेली लहान गाडी पाहावी, आणि सोलापुरास पूर्ववत् एस.टी.नें जावें, असें ठरलें. जांवईबापूंचा शोध चालू आहे. तोंवर थोरला नातू शाळेंत पायीं जातो.