कोयत्याचं गणित

तापलेला लोखंडाचा तुकडा पाण्यात टाकला, तर शेवटी दोघांचं तापमान किती? ‘उष्णता’ हा धडा शिकलेल्या प्रत्येकानं हे गणित कधी ना कधी सोडवलेलं असतं. उष्ण वस्तूनं गमावलं तेवढंच थंड वस्तूनं कमावलं, असा खातेवहीसारखा चोख हिशेब.

हा हिशेब खराखुरा बघायचा तर ऊसतोडीच्या हंगामाआधी घिसाड्याच्या पालावर जावं. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत लाल झालेला असतो. तो सांडशीत धरून घिसाडी ऐरणीवर फिरवत राहतो आणि समोर उभी बाई घण घालते. पदर खोचलेला, ठोका चुकत नाही. बघता बघता पाट्याचा कोयता होतो. मग वेळ येते त्याला पाणी देण्याची.

अर्धा किलोचा कोयता ८०० अंश सेल्सिअसला आहे आणि बादलीत २५ अंशांचं पाच लिटर पाणी आहे, असं धरू. लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता ०.११, पाण्याची १. मांडणी केली की उत्तर येतं ३३.४ अंश. लोखंड साडेसातशे अंशांहून अधिक उतरलं आणि पाणी चढलं जेमतेम साडेआठ अंश! पाणी असं सोशिक आहे. १७६०च्या सुमारास ग्लासगोत जोसेफ ब्लॅक यांनी नेमकी हीच गोष्ट ओळखली. सारख्या वजनाचं पाणी आणि पारा एकत्र केले, तर तापमान मधोमध थांबत नाही, पाण्याच्या बाजूला झुकतं. तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी, हे तेव्हापासून जगाला नीट उमगलं.

बादलीतलं पाणी मात्र वहीतल्यासारखं निमूट बसत नाही. कोयता शिरला की चर्रर्र आवाज होतो आणि वाफेचा लोट उठतो. वाफ होणारं प्रत्येक ग्रॅम पाणी ५४० कॅलरी घेऊन उडून जातं, तेवढं उत्तर खाली येतं. उलट, लोखंड तापेल तशी त्याची उष्माधारकता ०.११च्या पुढे सरकते, त्यानं उत्तर वर जातं. हे सगळं धरून गणित दुरुस्त करता येईल, घिसाड्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

त्याचं लक्ष वेगावर असतं. तोच कोयता राखेत हळूहळू निवू दिला, तर पोलाद मऊ राहतं. पाण्यात झटकन निववला, तर आतल्या कार्बनला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो आणि पोलाद कडक होतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही कोयत्यांचं तापमान सारखंच, पण एकाची धार उसाच्या पेरावर वळते, दुसऱ्याची टिकते. आपल्या सूत्रात वस्तुमान आहे, तापमान आहे. वेळ कुठेच नाही.

नुसतं कडक झालेलं पोलाद काचेसारखं तडकतं. म्हणून आधी फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवायची, पाठ तापलेलीच ठेवायची. धार विटेवर घासून चकचकीत करायची आणि बघत राहायचं. पाठीची उष्णता धारेकडे सरकू लागते, तसे रंग उमटतात : आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. २२० ते ३०० अंशांमधला हा खेळ. हवा तो रंग धारेशी आला, की कोयता सबंध पाण्यात. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ, घाई झाली तर ठिसूळ. हातात तापमापी नाही, डोळ्यांत मात्र पिढ्यांचा सराव आहे.

हे गणित शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना एकच विनंती. मुलांना एकदा अशा पालावर न्या. बादलीतलं पाणी किती तापलं ते नंतर वर्गात काढता येईल. तिथं त्यांना फक्त धारेवरचे रंग बघू द्या.