मामांचा तीन डोळ्यांचा प्रोजेक्टर

पुण्यात पंचावन्न इंची टीव्ही असताना दिवाळीची सुट्टी मी मुक्ताईनगरला केबली जोडण्यात घालवली, बोला! मामांचा जुना सीआरटी प्रोजेक्टर सोमवारी भंगारात जाणार होता. लाल, हिरवी, निळी अशा तीन नळ्या, दोघांनाही उचलेना. माझ्या कॉम्प्युटरला फक्त एचडीएमआय, म्हणून आधी व्हीजीए कन्व्हर्टर, मग पाच बीएनसी टोकांची केबल. तरी पडदा काळाच. आताचं रिझोल्यूशन जुन्या सर्किटला झेपत नाही. ६४० बाय ४८० वर आणलं, तेव्हा कुठे चित्र उमटलं, तेही तिहेरी!

मग मामा उठले. पडद्यावर पांढऱ्या रेघांची जाळी लावून तासभर तिन्ही रंग एकमेकांवर बसवत राहिले. "निळा अजून केसभर डावीकडे," म्हणाले. मला तर फरकच दिसत नव्हता.

सोमवारी भंगारवाल्याला मीच दारातून परत पाठवलं.