दोन चाकं, दोन डोळे आणि सहा हजार रुपये

तर मंडळी, गेले तीन वीकेंड मी कुठे गायब होतो त्याचा हिशोब आज द्यायचा आहे. रूममेटच्या मते मी खेळण्यातली गाडी बनवत होतो. माझ्या मते मी रोबॉट बनवत होतो. दोघांचंही बरोबर आहे म्हणा.

पण आधी एक कबुली. मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर आहे, म्हणजे डिग्रीवर तसं छापलंय. पोट मात्र जावावर चालतं. आमच्या कराडच्या घरी शोकेसमध्ये, आजीच्या फोटोशेजारी, एक रोबॉट ठेवलेला आहे. काळ्या पट्टीवरून चालणारा, ८०५१ वाला. माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट. अण्णा सात वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, "पोरानं बनवलाय."

पोरानं बनवलेला नाहीये. मी आणि माझ्या पार्टनरने तो एका दुकानातून रेडीमेड आणला होता. दोघांत बारा हजार, रिपोर्टसकट. माझ्या वाटणीचे सहा हजार अण्णांनी दिले होते, "पार्ट आणायला". अण्णांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपाची मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची. त्यातले सहा हजार.

यंदा गणपतीत शेजारचा सातवीतला मुलगा शोकेससमोर उभा राहून म्हणाला, "दादा, हा वळतो कसा?" मी म्हणालो, "आत प्रोग्रॅम असतो." तो म्हणाला, "हो, पण वळतो कसा? स्टिअरिंग कुठाय?" मला उत्तर येईना. अण्णा बाजूलाच सुपारी कातरत बसले होते. काही बोलले नाहीत.

पुण्याला परत आल्यावर पहिल्या शनिवारी तपकीर गल्ली गाठली. एक आर्डुइनो उनो, दोन पिवळ्या गिअरवाल्या बीओ मोटारी, चाकं, पुढे एक कॅस्टर, एल२९८एन मोटर ड्रायव्हर, एचसी-एसआर०४ सेन्सर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि वायरींचा जुडगा. दीड हजाराच्या आसपास झाले. दुकानदाराने विचारलं, "कॉलेज प्रोजेक्ट का?" मी हो म्हणालो. तसं ते खोटंही नव्हतं, फक्त सात वर्षं उशीर झाला होता.

त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच रात्री मिळालं. स्टिअरिंग नसतंच! दोन चाकांना दोन वेगळ्या मोटारी. दोन्ही सारख्या फिरल्या की सरळ. एक पुढे आणि एक मागे फिरली की गाडी जागच्या जागी वळते. मोटार उलटी फिरवायची तर तिच्यातला करंट उलटा करायचा, ते काम ड्रायव्हर करतो. आर्डुइनोच्या पिनमधून मिळणारा करंट एलईडी पेटवण्यापुरता. मोटारीला तो पुरत नाही, म्हणून मध्ये हा ड्रायव्हर. पिन नुसती ऑर्डर देते, काम दुसराच करतो. आपल्या ऑफिससारखंच.

सेन्सर म्हणजे दोन गोल डोळे. खरं तर एक तोंड आणि एक कान. एक डोळा ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, आपल्याला तो ऐकू येत नाही. समोर आपटून प्रतिध्वनी आला की दुसरा तो पकडतो. जायला-यायला लागलेला वेळ गुणिले आवाजाचा वेग, भागिले दोन, की अंतर. बाराशे मायक्रोसेकंद लागले तर साधारण वीस सेंटीमीटर. बारावीचं फिजिक्स, पण टेबलावर ठेवलेल्या चहाच्या कपाचं अंतर स्क्रीनवर उमटलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो.

कोड चाळीस ओळींचा. २५ सेंटीमीटरच्या आत काही आलं तर थांब, मागे ये, उजवीकडे वळ, पुन्हा चालू लाग. रविवारी दुपारी गाडी पुस्तकांवर उचलून ठेवली, यूएसबी लावली, चाकं हवेत मस्त फिरली. हात समोर धरला की उलटी. वा!

मग यूएसबी काढून बॅटरी लावली आणि फरशीवर ठेवली. एक झटका, आणि ठप्प. पुन्हा झटका, पुन्हा ठप्प. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य मी टेस्टिंगवाल्यांना शंभर वेळा ऐकवलंय. ते असं परत येईल असं वाटलं नव्हतं.

मग काय, मी केलं ते जे मला येतं. कोड बघितला. डिले वाढवले, कमी केले, पुन्हा लिहिला. आठवड्यातल्या तीन रात्री गेल्या. शेवटी सुरुवातीलाच बोर्डावरचा एलईडी तीनदा लुकलुकेल अशी ओळ टाकली. फरशीवर ठेवल्यावर तो पुन्हा पुन्हा तीनदा लुकलुकायला लागला. म्हणजे मोटार सुरू झाली की बोर्ड रीसेट होत होता! कळलं ते एवढंच. का, ते कळेना.

अण्णांचा रोजचा फोन आला. मी सहज बोलून गेलो की एक छोटी मोटार त्रास देतेय.

"भार टाकल्यावर बंद पडती का रिकामी असताना?"

"भार टाकल्यावर. पण मोटार नाही, तिला चालवणारं सर्किटच बंद पडतंय."

"आरं, दोन्हीला बॅटरी एकच हाय का?"

"हो."

"मग? पंप सुरू करताना घरातला बल्ब मंद हुतो का न्हाई? सुरू हुताना मोटार लई करंट खेचती. तुझं सर्किट म्हंजे त्यो बल्ब."

तीन रात्री, आणि अण्णांना तीस सेकंद लागले. थांबलेली मोटार म्हणजे नुसतं तारेचं वेटोळं. फिरायला लागल्यावरच ती उलटं व्होल्टेज तयार करते आणि करंट आटोक्यात येतो. माझी नऊ व्होल्टची बॅटरी म्हणजे आत सहा चिमुकले सेल, घड्याळ-रिमोटच्या लायकीचे. दोन मोटारींनी एकदम ओढलं की बिचारीचं व्होल्टेज कोसळायचं आणि आर्डुइनोला भोवळ यायची. हा बॅक ईएमएफ मी परीक्षेत लिहिला होता, सात मार्कांना. सातही मिळाले होते.

मोटारींना दोन १८६५० सेलचं वेगळं पॅक दिलं. तरी चालेना! दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकमेकांना जोडलेच नव्हते. ऑर्डर द्यायची तर शून्य कुठलं हे दोघांनाही ठाऊक हवं. हा मात्र माझा मी शोधला. रात्री दीड वाजता गाडी खोलीभर फिरली, भिंतीला नमस्कार करून वळली. फक्त रूममेटच्या गोधडीत जाऊन सरळ घुसली. मऊ कापड आवाज पिऊन टाकतं, प्रतिध्वनी येतच नाही. गोधडी तिच्या लेखी अस्तित्वातच नाही.

ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर नावाच्या मेंदूच्या अभ्यासकाने १९४८-४९ मध्ये एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक कासवं बनवली होती. प्रत्येकात दोन व्हॉल्व्ह, एक प्रकाशाचा सेन्सर, एक धडक कळणारा. तेवढ्यावर ती उजेडाकडे जायची आणि आपटली की वाट काढायची. माझ्याकडे ३२ केबी फ्लॅश होती. सबब सांगायला जागाच नव्हती.

तिसऱ्या वीकेंडला गाडी डब्यात घालून कराडला गेलो. अंगणात सोडली. शेजारचा मुलगा तिच्यामागे धावला. त्याला दोन चाकांचं सांगितलं, एका वाक्यात समजलं त्याला. तो गेल्यावर मी अण्णांना म्हणालो, "शोकेसमधला मी बनवलेला नाही. विकत आणला होता."

अण्णा बराच वेळ गाडीकडे बघत होते. मग म्हणाले, "सहा हजार न्हाई का?"

"हो."

"त्या टायमाला त्यात चार-पाच मोटारी भरायचो मी."

बस, एवढंच. माफ केलं असंही नाही, रागावलेही नाहीत. मला वाटतं रागावले असते तर सोपं गेलं असतं. मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसले, गाडी उलटी केली आणि एकेका वायरीवर बोट ठेवून विचारायला लागले. ही कुठं जाती? हिला पिळ नीट दिला न्हाईस. हा जोड सुटणार. पाऊण तास व्हायवा चालला. सगळी उत्तरं आली असं नाही, पण जी आली ती माझी होती.

जुना रोबॉट अजून शोकेसमध्येच आहे. काढायचं धाडस मला झालं नाही आणि अण्णांनी विषय काढला नाही. अण्णांनी दाखवलेला तो जोड मात्र पुण्याला पोचेपर्यंत सुटला होता.

असो. कुणाला करून बघायचं असेल तर जरूर करा, फार अवघड नाही. फक्त मोटारीची बॅटरी पहिल्या दिवसापासून वेगळी घ्या. आणि गोधडी उचलून ठेवा.